अभ्यासपाठ : जमिनीला विसावा, पण घास कोणाला?

वाचन : निर्गम 23:10-11, लेवीय 25:1-7

सहा वर्षे जमीन पेरावी आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा, अशी इस्राएली लोकांना आज्ञा होती. निर्गमात तिचे कारणही दिले आहे : त्या वर्षी गरिबांना खायला मिळावे. म्हणजे जमिनीचा विसावा आणि गरिबाचा घास एकाच आज्ञेत बांधलेले आहेत. आजच्या सरकारी अनुदानांकडे याच दृष्टीने पाहू या.

अमेरिकेतील उदाहरण

1985 च्या कायद्याने अमेरिकेत एक योजना सुरू झाली. धूप होणारी जमीन शेतकऱ्याने 10 ते 15 वर्षे पेरायची नाही. तिच्यावर गवत किंवा झाडे राखायची. त्याबद्दल सरकार दरवर्षी भाडे देते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. त्या काउंटीत कोरडवाहू जमिनीला जो खंड मिळतो, त्यावरून हे भाडे ठरते. माती वाचते, पाखरांना आसरा मिळतो आणि पाऊस हुकला तरी शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो.

पण शेत पेरले नाही, तर मजुराला काम कुठले? बियाणे-खतांच्या दुकानात गिऱ्हाईक कुठले? म्हणून एका काउंटीतील 25 टक्क्यांहून अधिक पिकाऊ जमीन या योजनेत सहसा घेत नाहीत. कुळांना आणि वाटेकऱ्यांना रकमेचा न्याय्य वाटा मिळावा, अशीही कायद्यात तरतूद आहे.

ही तरतूद का हवी?

1933 मध्ये कापसाचे भाव सावरण्यासाठी सरकारने पेरा कमी करण्याचे पैसे दिले. ते मुख्यतः जमीनमालकांच्या हाती पडले. पेरा घटताच अनेक मालकांनी वाटेकऱ्यांना जमिनीवरून हुसकावले. जुलै 1934 मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरॉन्झा या गावी 11 गोरे आणि 7 काळे पुरुष एकत्र आले आणि त्यांनी कुळांची संघटना उभारली. पैसा सरकारने दिला होता, पण घाम गाळणाऱ्याचे नाव कागदावर नव्हते.

आपल्याकडे

नंदुरबार, पालघर, गडचिरोली या भागांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. बांधबंदिस्ती असो वा फळबाग, अनुदानासाठी आधी जमिनीचा कागद लागतो. पिढ्यान्‌पिढ्या उतारावर नागली-वरई पिकवणाऱ्या कुटुंबाकडे सातबारा नसेल, तर ते दारातच अडते. 2006 च्या वनहक्क कायद्याने यावर वाट काढली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. जोडपे असेल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. हा पट्टा विकता येत नाही, पण वारसांकडे जातो.

म्हणून रोपे वाटण्याइतकेच दावा भरायला, ग्रामसभेत पुरावे मांडायला आणि पट्ट्यावर पत्नीचे नाव तपासायला मदत करणे, हेही सेवाकार्यच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. निर्गम 23 मध्ये जमिनीच्या विसाव्याचा लाभ कोणाला मिळतो?
2. आपण मदत करतो त्या गावात जमीन कसते कोण, आणि कागद कोणाच्या नावे आहे?
3. या तिमाहीत आपली मंडळी एका कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी काय करू शकेल?