जमिनीतील ऊब आणि गारवा : शेतावरील इमारतींसाठी कितपत उपयोगी?

पॅकहाउस, कोल्ड रूम, आंबा पिकविण्याची खोली, आळिंबीचे शेड, कुक्कुटपालनाचे घर आणि दूध शीतकरण या सर्वांत विजेचा मोठा खर्च थंडावा किंवा ऊब देण्यावर होतो. हा खर्च कमी करण्यासाठी भू-औष्णिक यंत्रणा आणि हीट पंप यांची नावे आता वारंवार ऐकू येतात. परदेशातील घरे या पद्धतीने उबदार राहतात हे खरे आहे. परंतु तेथील हवामान वेगळे आणि आपले वेगळे. म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वी या यंत्रणेचे तत्त्व समजून घ्यावे आणि आपल्या जागेचा हिशेब स्वतः मांडावा. या लेखात ही माहिती ठाणे येथील वागळे इस्टेट आणि आसपासच्या परिसराच्या उदाहरणाने दिली आहे.

जमिनीचे तापमान

थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि तेच पाणी वैशाखात गार लागते. वास्तविक पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, बदललेली असते ती बाहेरची हवा. जमिनीच्या पृष्ठभागावरील ऊन आणि थंडी खाली झिरपण्यास वेळ लागतो. साधारण ३ ते ४ मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते आणि ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहते.

आपल्या पूर्वजांनी याचा उपयोग केलेला आहे. ज्वारीची पेवे ही त्याचीच उदाहरणे होत. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठविण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. मात्र सन २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवांमध्ये पाणी शिरून मोठे नुकसान झाले. जमिनीचा आधार घेताना भूजलाची पातळी आणि पुराची रेषा आधी पाहावी, हा धडा पुढील प्रत्येक पद्धतीला लागू आहे.

ठाण्यात हवेचे वार्षिक सरासरी तापमान २७ अंश सें. च्या आसपास आहे. म्हणजे तेथील जमीन खाली सुमारे २७ ते २८ अंश असते. हा आकडा लक्षात ठेवावा. या लेखातील बराचसा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

हीट पंप म्हणजे काय?

पाण्याचा पंप पाणी खालून वर चढवितो. तसाच हीट पंप उष्णता कमी तापमानाच्या जागेतून उचलून जास्त तापमानाच्या जागेत नेऊन टाकतो. घरातील फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र हे हीट पंपच आहेत. कॉम्प्रेसर वायू दाबतो, तेव्हा तो तापतो आणि कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. हा द्रव बारीक वाटेतून कमी दाबाच्या भागात येताच थंड होतो आणि खोलीतील उष्णता शोषून पुन्हा त्याचा वायू होतो. हे चक्र उलट फिरविण्याची सोय असेल तर तेच यंत्र हिवाळ्यात खोली गरम करते.

वीज येथे उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर वाहून नेण्यासाठी खर्च होते. म्हणून १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळू शकते. उदाहरणार्थ, १०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापविण्यास २,८०० किलोकॅलरी उष्णता लागते. साध्या कॉइलच्या हीटरने यासाठी सुमारे सव्वातीन युनिट वीज लागते. साडेतीन पट काम देणाऱ्या हीट पंपाने हेच काम एक युनिटापेक्षा थोड्या कमी विजेत होते.

चढ जितका जास्त तितका पाण्याच्या पंपावर ताण अधिक. त्याचप्रमाणे दोन जागांच्या तापमानातील फरक जितका जास्त, तितकी वीज अधिक लागते. शीतयंत्राच्या कंडेन्सरचे तापमान १ अंशाने खाली आले तर विजेत ढोबळमानाने २ ते ३ टक्के बचत होते. उष्णता तापलेल्या हवेऐवजी स्थिर तापमानाच्या जमिनीत सोडावयाची, हेच भू-औष्णिक पद्धतीचे मर्म आहे.

तीन पद्धती

१) जमिनीतील हवानळी : ३ ते ४ मीटर खोल पुरलेल्या लांब नळीतून पंख्याने हवा ओढून ती इमारतीत सोडतात. यात कॉम्प्रेसर नसतो. अहमदाबाद येथे भारतीय प्रबंध संस्थेतील संशोधकांनी ५० मीटर लांब आणि १० सें.मी. व्यासाची नळी ३ मीटर खोल पुरून प्रयोग केले. मे महिन्यात दुपारची हवा त्यात सुमारे १४ अंशांनी थंड झाली आणि जानेवारीच्या रात्री ती गरम होऊन बाहेर आली. कच्छमधील कोठारा येथे ही पद्धत हरितगृहासाठी वापरण्यात आली.

२) बंद नळ्यांची पद्धत : बोअरमध्ये किंवा चरात प्लॅस्टिकच्या बंद नळ्या सोडून त्यातून पाणी फिरवितात आणि ते पाणी हीट पंपाला जोडतात. खडकाच्या जातीप्रमाणे १ टन शीतकरणासाठी साधारण ५० ते १०० मीटर खोलीचे बोअर लागते. उष्ण प्रदेशात यापैकी वरचाच आकडा धरावा.

३) विहिरीच्या पाण्याची पद्धत : विहिरीचे पाणी कंडेन्सरभोवती फिरवून पुढे वापरतात किंवा परत सोडतात.

वज्रेश्वरीचे गरम पाणी

ठाणे जिल्ह्यात भू-औष्णिक म्हटले की वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे आठवतात. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या खोऱ्यात असलेल्या या झऱ्यांचे पाणी साधारण ४५ ते ५५ अंश गरम असते. पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत १८ ठिकाणी असे झरे असून त्यांचे तापमान ३४ ते ७१ अंशांच्या दरम्यान आढळते. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाऊन तापते आणि पुन्हा वर येते, अशी ही रचना आहे.

आइसलँडमधील रेकयाविक शहरात अशा पाण्याने इमारती उबदार ठेवण्यास सन १९३० मध्ये सुरुवात झाली. कोकणात घर तापविण्याची गरजच नाही. आपल्याला हवा थंडावा. गरम पाण्यावर थंडावा मिळविता येतो, पण त्यासाठी पाणी बरेच तापलेले असावे लागते. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे सुमारे ९० अंशांच्या पाण्यावर ७.५ टन क्षमतेचे प्रायोगिक शीतगृह उभारले गेले होते. पन्नास अंशांच्या पाण्यावर ते काम नीट साधत नाही. असे पाणी जागेवरच मिरची, हळद किंवा मासळी वाळविण्याच्या यंत्रात हवा तापविण्यास उपयोगी पडू शकते. ते नळाने ठाण्यापर्यंत नेणे परवडणारे नाही.

वागळे इस्टेटमध्ये अडचण कोठे आहे?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना सन १९६२ मध्ये झाली. वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तेथे पत्र्याची शेडे आहेत आणि काचेच्या दर्शनी भिंतींच्या उंच इमारतीही आहेत. अशा एखाद्या इमारतीच्या मागील बाजूस वातानुकूलन यंत्रांची रांग गरम हवा बाहेर फेकत असते. ही उष्णता जमिनीत का सोडू नये? याला तीन कारणे आहेत.

पहिले, जमीन स्वतःच २७ ते २८ अंश आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ठाण्याची हवा त्यापेक्षा थंड असते. त्यामुळे वर्षभराच्या सरासरीत जमिनीचा फायदा थोडाच उरतो. नुसत्या हवानळीने खोली २८ अंशांच्या खाली आणता येत नाही आणि हवेतील दमटपणा तसाच राहतो.

दुसरे, थंड देशात हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात आणि उन्हाळ्यात परत भरतात, म्हणून जमाखर्च जुळतो. ठाण्यात बाराही महिने फक्त भरणाच होणार. दरवर्षी जमीन थोडी थोडी तापत जाते आणि यंत्राची कार्यक्षमता घटते.

तिसरे, जागा. १० टनांच्या यंत्रणेला हजार मीटरपर्यंत बोअर लागू शकते. दाटीच्या भूखंडावर उभ्या असलेल्या इमारतीभोवती ते घेणे कठीण आहे.

शेतकऱ्याकडे मात्र वागळे इस्टेटच्या कारखानदाराकडे नसलेल्या दोन गोष्टी आहेत. त्या म्हणजे ओलिताचे पाणी आणि गरम पाण्याची गरज.

शेतावरचा हिशेब

अ) ओलिताच्या पाण्याचा दुहेरी उपयोग : २ टनांची कोल्ड रूम ताशी सुमारे ७,७०० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. पाणी ५ अंशांनी तापू दिले तर त्यासाठी ताशी सुमारे १,५५० लिटर पाणी लागते. विहिरीचे पाणी आधी कंडेन्सरमधून फिरवून मग ठिबकला सोडल्यास पाणी वाया जात नाही आणि जमीन तापण्याचा प्रश्नही उरत नाही. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात दुपारची हवा ४० अंशांच्या वर जाते, तेथे बचत अधिक दिसते. ठाणे जिल्ह्यात ती बेताचीच राहील. पंपाची जादा वीज हिशेबात धरावी.

ब) दूध शीतकरणातील उष्णता : ५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांपर्यंत थंड करताना दुधातून सुमारे १५,००० किलोकॅलरी उष्णता निघते. त्यापैकी निम्मी जरी कंडेन्सरच्या अलीकडे पाण्याची टाकी जोडून मिळविली, तरी सुमारे २५० लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापते. कॅन आणि भांडी धुण्याचे बरेचसे काम त्यात भागते. कोकणच्या हवामानात सर्वांत आधी विचार करावा असा हा उपाय आहे.

क) हवानळी : नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जळगाव अशा कोरड्या आणि रात्री थंड पडणाऱ्या भागांत पिलांच्या घरासाठी किंवा लहान हरितगृहासाठी उपयोगी. कोकणात टाळावी.

घ्यावयाची काळजी

१) प्रथम इमारतीचा भार कमी करावा. पत्र्याला पांढरा रंग द्यावा, छताला उष्णतारोधक थर लावावा, पश्चिमेस सावली करावी आणि दारांच्या फटी बुजवाव्यात. यामुळे लहान यंत्रावर काम भागते.

२) हवानळीला एका बाजूस उतार द्यावा व साचलेले पाणी काढण्याची सोय ठेवावी. नळीत ओल राहिल्यास बुरशी वाढते. तोंडाला जाळी बसवावी. पावसाळ्यात भूजल नळीपर्यंत येत असेल तर ही पद्धत घेऊ नये.

३) पाणी क्षारयुक्त असल्यास कंडेन्सरमध्ये खपली धरते. पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि गाळणी बसवावी.

४) बोअर घेण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करावी. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत.

५) विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या जमिनीचे तापमान किती धरले आहे? टाकलेली उष्णता शेवटी कोठे जाणार? पंप आणि पंख्याची वीज धरून निव्वळ बचत किती? उत्तरे लेखी घ्यावीत.

थोडक्यात, कोकणातील जमीन ही फुकटचे शीतगृह नव्हे. तेथे जमिनीत उष्णता पुरण्यापेक्षा टाकाऊ उष्णतेने पाणी तापविणे आणि विहिरीच्या पाण्याचा दुहेरी उपयोग करणे अधिक फायद्याचे ठरते. घाटावरच्या कोरड्या भागात जमिनीचा गारवा व ऊब दोन्ही कामी येतात. तेव्हा यंत्र निवडण्याआधी वैशाखातील दुपारी आणि पौषातील पहाटे हवेचे व विहिरीच्या पाण्याचे तापमान साध्या तापमापकाने मोजून वहीत नोंदवावे. या दोहोंत मोठा फरक दिसला तरच पुढचा खर्च करावा.