पान उतरतं, असं मी मानत होतो

घोटीच्या पट्ट्यात भाताची आवणी सुरू झाली की पान लागल्याच्या बातम्याही सुरू होतात. साप चावला असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं की आधी भगत. मी स्वतः कितीतरी वर्षं लोकांना हेच सांगत आलो. कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं: खाचरातून उचलून आणलेला माणूस, चिखलानं भरलेल्या पोटरीवर दातांची रांग, डोळे भेदरलेले. भगतानं लिंबाचा डहाळा फिरवला, मंतरलेलं पाणी पाजलं आणि तासाभरात तो आपल्या पायांनी घरी गेला. असे नऊ जण मला बोटांवर मोजून दाखवता येत होते.

मग श्रावणातल्या एका रात्री काकूच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती जमिनीवरच गोधडी टाकून झोपायची. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. बॅटरी फिरवली तर कणगीमागं काळा साप, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. मण्यार. पुतण्या म्हणाला, "काका, आजीला दवाखान्यात नेऊ." मी त्याला गप्प केलं आणि भगताकडे नेलं.

पुढचा दीड तास मला आजही झोपू देत नाही. काकूच्या पापण्या खाली यायला लागल्या, तेव्हा मी म्हणालो, गुण येतोय, झोप लागतेय. तिला थुंकी गिळता येईना, बोलणं गेंगाणं झालं, मान धरेना. मला त्यातही उतारच दिसत होता. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, शेवटी श्वास. विष चढत होतं ते माझ्या समोर, आणि मी त्याला गुण म्हणत होतो. शेवटी पुतण्यानं मला न विचारता जीप आणली. सापाची लस आणि चार दिवस कृत्रिम श्वास, तेव्हा काकू वाचली.

ती घरी आल्यावर मी त्या नऊ जणांकडे एकेक करून गेलो. एकच विचारलं, साप कोणता होता? सहा जणांना पाणदिवड किंवा धामण चावली होती, दोन्ही बिनविषारी. दोघांनी साप पाहिलाच नव्हता. एकाला घोणस चावली होती, पण विषारी सापही कधी कधी दात रोवून विष सोडत नाही. हे नऊही जण भगताविना तसेच चालत घरी गेले असते.

आणि दगावलेले? ते मला माहीत नव्हते असं नाही. आमच्या आळीतला सालदार, पाड्यावरची सात वर्षांची पोर. दोघांच्या मातीला मी गेलो होतो. पण ते माझ्या मोजणीत नव्हते. एकाच्या नावापुढे मी 'उशीर झाला' लिहिलं होतं, दुसरीच्या नावापुढे 'घटका भरली'. बरा झाला तर भगताचा गुण, मेला तर नशीब. अशा हिशेबात भगत कधी चुकणारच नव्हता.

1960 मध्ये लंडनमध्ये पीटर वेसन यांनी लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. लोक 8, 10, 12 असे आपल्या मनातल्या नियमात बसणारेच आकडे विचारत राहिले. आकडे नुसते चढते असावेत एवढाच नियम होता; पहिल्या फटक्यात तो बहुतेकांना सापडला नाही. 1, 2, 17 विचारलं असतं तर डोळे उघडले असते. मी नऊ वेळा 8, 10, 12 च विचारलं होतं.

म्हणून सांगतो. कोणत्याही गोष्टीवर तुमचा ठाम विश्वास असेल, तर ती खोटी ठरली हे कशावरून कळेल ते आधी ठरवा, आणि संकट यायच्या आत ठरवा. जे बसत नाही ते वहीत लिहा, कारण डोक्यात ते दुसऱ्याच नावानं जमा होतं. घरातला जो वेगळं बोलतो त्याला गप्प करू नका. साप चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या रात्री भगतानं काकूला रोखलं नव्हतं. मी रोखलं होतं.

चावलेला अवयव हलवू नका, कापू नका, करकचून बांधू नका, थेट लस असलेला दवाखाना गाठा. मण्यार बहुतेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्याला गाठते. काकू आता खाटेवर झोपते, आणि मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली खोचल्या आहेत की नाही हे रोज रात्री पुतण्या पाहतो.