दिंडीच्या गाडीवरील सूर्यवीज

आषाढीस पंढरीकडे जाणाऱ्या कित्येक दिंड्या आपल्या करकंबावरून जातात, हें आपण लहानपणापासून पाहतों. दिंडीमागून येणारी सामानाची गाडी म्हणजे वारकऱ्यांचें चाकांवरील घरच होय. अशा एका टेंपोच्या टपावर सौर पॅनेल व आंत बॅटरी बसविलेली होती. एके सायंकाळीं तिच्यावर मिक्सर लावून चटणी वाटीत असतां तार तापली आणि खालचें गोणपाट धुमसूं लागलें. पलीकडे एक म्हातारी आजी निजली होती. तिला धुराचा वास आला म्हणून निभावलें. चालकानें ती तार मला आणून दाखविली. "मास्तर, घरांत हीच तार वर्षानुवर्षें चालते," तो म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि चूकही नेमकी तेथेंच होती.

घरांतील विजेचा दाब 230 व्होल्ट. त्या बॅटरीचा अवघा 12. शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. म्हणून 600 वॅटच्या कामास घरीं सुमारें 2.6 अँपियर पुरतात, पण बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेंतून 50 अँपियर वाहावे लागतात. म्हणजे प्रवाह एकोणीसपट. आतां उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एकोणिसाचा वर्ग करून पाहा, म्हणजे गोणपाट कां धुमसलें तें कळेल! अशा ठिकाणीं तांब्याची जाड तार हवी, ती शक्य तितकी आंखूड हवी, आणि बॅटरीच्या अगदीं लगत फ्यूज हवा. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठीं असतो. तार पेटण्यापूर्वीं त्यानें वितळावें. त्या गाडींत तो मुळींच नव्हता.

मग नववीच्या मुलांनीं फळ्यावर हिशेब मांडला. 9 वॅटचे सहा दिवे पांच तास, म्हणजे 270 वॅट-तास; वीस मोबाइलांस सुमारें 300; भजनाच्या ध्वनिवर्धकास 90. एकूण 660. शिशाची 12 व्होल्ट, 100 अँपियर-तासांची बॅटरी 1200 वॅट-तासांची खरी. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून हातीं 600 च उरतात. तितक्याच क्षमतेची लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी सुमारें 1000 देते. ती महाग असते, पण येथें तीच योग्य.

200 वॅटचें पॅनेल स्वच्छ उन्हांत दिवसाकांठीं 700 वॅट-तासांच्या आसपास देईल. आषाढांतील ढगांत निम्मेंही मिळेल असें धरूं नये. शिवाय वारकऱ्यांस चिंचेची सावली हवी आणि पॅनेलास ऊन! थोड्या भागावर सावली पडली तरी सर्व पॅनेलाचें उत्पन्न घटतें. म्हणून गाडी चालत असतां इंजिनावरूनही ही बॅटरी भरून घेण्याची सोय केली; मात्र मधें योग्य चार्जर घालून, नाहींतर सकाळीं गाडी सुरू करण्यापुरतीही वीज इंजिनाच्या बॅटरींत उरावयाची नाहीं.

चालकानें हिशेबाचा कागद घडी करून खिशांत ठेविला. मिक्सर आतां घरींच राहतो. चटणी निघण्यापूर्वींच कुटून डब्यांत भरून नेतात.