सम की व्यस्त?

कला शाखेच्या वार्षिकात बीजगणित कशाला, असे काही वाचक विचारतील. पण या विषयाने मला माझी एक चूक कबूल करायला लावली, म्हणून हे टिपण.

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीत मी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांचा अभ्यास घेतो. चलनाचा धडा आला तेव्हा मी स्वतः पाठ केलेला मंत्रच त्यांना दिला : दोन्ही राशी वाढल्या तर समचलन, एक वाढून दुसरी घटली तर व्यस्त चलन. मग प्रश्न घातला. घरात ६० किलो तांदूळ आहे, रोज २ किलो शिजतो. गेलेले दिवस आणि उरलेला तांदूळ यांत कोणते चलन?

सर्वांनी 'व्यस्त' लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले, 'दोन्ही नाही.' मी लाल फुली मारली. ती काही बोलली नाही. वही मिटून बसली.

रात्री मी उत्तर पडताळून पाहिले. ५ दिवसांनी ५० किलो उरतो, १० दिवसांनी ४०. गुणाकार अनुक्रमे २५० आणि ४००. व्यस्त चलनात तर गुणाकार कायम राहायला हवा! दिवस दुप्पट झाले, पण तांदूळ निम्मा झाला नाही. मुलगीच बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी ती फुली मी सर्वांसमोर खोडली आणि तोच तांदूळ पुन्हा मांडला. रोज २ किलो शिजवला तर तो ३० दिवस पुरतो, ३ किलो शिजवला तर २० दिवस. गुणाकार दोन्ही वेळा ६०. हे व्यस्त चलन. रोज २ किलोप्रमाणे ५ दिवसांत १० किलो संपतो, १० दिवसांत २०. भागाकार कायम २, हे समचलन.

वाढ-वाढीचा मंत्रही असाच फसवतो. बाप ३९ वर्षांचा, लेक १३ वर्षांची. बापाचे वय तिप्पट. १३ वर्षांनी ५२ आणि २६, आता दुप्पटच. दोघांची वये वाढली, पण भागाकार टिकला नाही. म्हणून हे समचलन नव्हे.

लावणीचे उदाहरण मुलांना पटकन पटले. १२ बायकांना ४ दिवस लागले, तर १६ जणींना ३ दिवस, गुणाकार ४८. मात्र सर्वांच्या हाताचा वेग सारखा धरला तरच.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक आहे. रास वेगळ्या मापाने मोजण्याचा प्रकार त्यातच येतो. माप मोठे घेतले की मापे कमी भरतात. रास मात्र तीच. ती न बदलणारी रास म्हणजेच आपला स्थिरांक.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, काय वाढले, काय घटले हे जरूर पाहा. पण ती नुसती खूण आहे. निर्णय द्यायचा तो काय कायम राहिले हे तपासून. आणि शिकवणाऱ्याने लाल पेन्सिल उचलण्यापूर्वी तेवढे तरी करावे, हा धडा मला त्या मुलीने दिला.