धूमपानाचा पर्याय : ई-सिगारेट आणि पादांशिक क्रम

जीर्ण कासाच्या चिकित्सेसाठी आमच्याकडे एक पस्तिशीतील रुग्ण आला. दिवसाला बारा सिगारेटी, हे व्यसन चौदा वर्षांचे. तपासणी संपल्यावर त्याने खिशातून एक ई-सिगारेट काढली आणि विचारले, "डॉक्टर, सिगारेट सोडून ही ओढली तर चालेल ना?" हा प्रश्न आता अनेक वैद्यबंधु-भगिनींसमोर येत असेल. केवळ 'नाही' म्हटल्यास रुग्ण सिगारेटकडेच परततो. म्हणून या प्रश्नाचा शास्त्रदृष्ट्या विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनाचे स्वरूप

आजच्या स्वरूपातील ई-सिगारेट चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ साली विकसित केली. बॅटरीवर तापणाऱ्या तारेने प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि निकोटीन यांच्या द्रवाचे सूक्ष्म तुषार होतात व ते फुप्फुसात ओढले जातात. येथे तंबाखू जळत नाही. त्यामुळे ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर यांचे प्रमाण सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यसनाचे मूळ जे निकोटीन, ते कायम राहते.

ब्रिटनमध्ये ८८६ व्यक्तींवर झालेल्या एका परीक्षणाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर ई-सिगारेट घेणाऱ्या गटातील १८ टक्के, तर निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या इत्यादी घेणाऱ्या गटातील ९.९ टक्के व्यक्ती सिगारेटमुक्त होत्या. मात्र या मुक्त झालेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के लोक ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात आपले साधन चालू ठेवणारे केवळ ९ टक्के होते. सिगारेट सुटली, परंतु सात्म्य झालेले निकोटीन सुटले नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांस बंदी आहे. येथे जे चोरून मिळते, त्यातील द्रव कोणता व निकोटीन किती, याची खात्री नसते. असे साधन सुचविणे वैद्यास उचित नाही.

शास्त्रोक्त धूमपान आणि आमची एक चूक

'आयुर्वेदातही धूमपान सांगितले आहे', असे रुग्ण म्हणतात. ते खरे आहे. पण चरकाचार्यांनी ते सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात, म्हणजे मात्रेच्या संदर्भात सांगितले आहे. प्रायोगिक धूमाचे आठ काल, वर्तीचे प्रमाण, सम्यक् योगाची लक्षणे आणि अनर्ह व्यक्ती हे सर्व तेथे निश्चित आहे. अकाली व अतिमात्र धूमाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त आणि शिरोभ्रम होतात, असा इशाराही आहे. ई-सिगारेटला काल नाही आणि मात्राही नाही. सिगारेट निदान जळून संपते. हे साधन हातातच राहते आणि किती झुरके घेतले, हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

येथे स्वतःची चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही तंबाखूरहित औषधी धूमवर्ती सिगारेटला पर्याय म्हणून देत असू. एक रुग्ण त्या दिवसाला आठ-आठ ओढू लागला. त्याचा कास वाढला आणि शेवटी तो सिगारेटकडेच गेला. कोणतीही वनस्पती जाळली तरी डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच. तेव्हापासून ही पद्धत आम्ही बंद केली.

पादांशिक क्रम

अभ्यस्त अहिताचा त्याग कसा करावा, हे चरकाने नवेगान्धारणीय अध्यायात सांगितले आहे : एकेक चतुर्थांश क्रमाने सोडावा. वाग्भटाने चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाची मुभा दिली आहे. आम्ही त्याचा उपयोग पुढीलप्रमाणे करतो.

१. पहिला आठवडा केवळ नोंद. प्रत्येक सिगारेटची वेळ व प्रसंग रुग्णाने लिहावा.

२. शेवटचा दिवस प्रथम ठरवावा. नंतर बारावरून नऊ, सहा, तीन आणि शून्य, प्रत्येक पायरी सुमारे आठवड्याची. सर्वांत सोपी सिगारेट आधी वगळावी. उठल्याबरोबरची बहुधा शेवटी सुटते.

३. त्यागानंतर चिडचिड, अनिद्रा, मलावष्टंभ ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत तीव्र असतात व तीन-चार आठवड्यांत शमतात. या काळात वातशामक उपचार करावेत : अभ्यंग, रात्री पादाभ्यंग, उष्णोदक, आवश्यकतेनुसार त्रिफळा. तल्लफ आल्यास लवंग किंवा बडीशेप चघळावी. ज्येष्ठमध उच्च रक्तदाबाच्या रुग्णास देऊ नये.

४. उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल, तर व्यसन तीव्र समजावे. अशा रुग्णास निकोटीनच्या गोळ्यांसाठी योग्य तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. त्या गोळीला मात्रा असते आणि ती मात्रा उतरवत नेता येते. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही रुग्णास सांगावी.

महाराष्ट्रापुरते आणखी एक ध्यानात घ्यावे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे मळलेली तंबाखू, खर्रा व मिश्री यांच्या रुग्णांना ई-सिगारेटचा वाद लागूच होत नाही. पादांशिक क्रम मात्र त्यांनाही लागू होतो.

उपरोक्त रुग्णाने पाचव्या आठवड्याच्या अखेरीस शेवटची सिगारेट ओढली. दोन महिन्यांनी एका लग्नात दोन ओढल्या आणि दुसऱ्याच दिवशी तो ओशाळून चिकित्सालयात आला. आम्ही त्यास दोष दिला नाही. पुन्हा नोंदवही हाती दिली. आज वर्ष होत आले, कास शमला आहे आणि वही कोरी आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तंबाखूची मात्रा, प्रसंग आणि त्यागाचा ठरलेला दिवस या तीन नोंदी वैद्यांनी अवश्य कराव्यात, अशी विनंती आहे.