पडद्यावरच्या साक्षीदाराचा उलटतपास

प्रश्न (जळगाव) : मुख्य साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होणार आहे. आरोपीच्या वकिलाला त्याचा उलटतपास घेता येतो का? पोलिसांपुढचा त्याचा जबाब वेगळा असेल तर?

उत्तर : साक्षीदार पडद्यावर आला म्हणून उलटतपासाचा हक्क जात नाही. पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवावा, असे कायदा सांगतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७३). व्हिडिओवरची हजेरीही ‘समक्ष’ धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात ठरवले. मुंबईतल्या त्या खटल्यातले अमेरिकेचे डॉक्टर साक्षीसाठी भारतात यायला तयार नव्हते. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३०८ मध्ये ही सोय थेट लिहिली आहे. साक्षीदाराच्या खोलीत आणखी कोण आहे, त्याच्यासमोर कोणते कागद आहेत, हे मात्र बचाव पक्षाने पहिल्याच प्रश्नांत नोंदवून घ्यावे. पढवलेली साक्ष इथेच उघडी पडते.

खरी धार जबाबातल्या विसंगतीला असते. समजा, अमळनेरच्या साक्षीदाराने पोलिसांना ‘अंधारात चेहरा दिसला नाही’ असे सांगितले आणि कोर्टात आरोपीकडे बोट दाखवले. जबाबाचा नेमका तेवढा भाग आधी त्याला दाखवावा लागतो (साक्ष अधिनियम, कलम १४८). त्याने ‘मी असे सांगितलेच नाही’ म्हटले, तर पुढे तपासी अंमलदाराच्या उलटतपासात तो भाग सिद्ध करून घ्यावा लागतो. ही दुसरी पायरी राहून गेली, तर पहिलीची मेहनत वाया जाते. जबाबाच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात. त्या साक्षीच्या तारखेआधी वाचलेल्या हव्यात.

वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, एवढ्यावर उलटतपासासाठी पुढची तारीख मिळत नाही. ‘नो क्रॉस’चा, म्हणजे उलटतपास न घेता साक्ष संपवण्याचा, आदेश झालाच, तर साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली तातडीने अर्ज करावा, मंजुरी न्यायालयाच्या हाती असते. वकील परवडत नसेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येतो.

पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या) खटल्यात मात्र बालकाला वकील थेट प्रश्न विचारत नाहीत. ते प्रश्न न्यायालयाकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात.