एका शब्दाची चूक

दूरध्वनीवरून परगावी बोलू इच्छिणाऱ्या दोघांची गाठ पूर्वी केंद्रातील माणसे हाताने तारा जोडून घालून देत. पुढे हे काम गणकयंत्राकडे आले. यंत्राला स्वतःची बुद्धी नसते. लिहून दिलेल्या आज्ञावलीबरहुकूम ते चालते.

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची अशी ११४ केंद्रे होती. १५ जानेवारी १९९० रोजी दुपारी न्यूयॉर्क येथील केंद्रात किरकोळ बिघाड झाला. काही सेकंद थांबून ते पूर्ववत सुरू झाले व त्याने शेजारच्या केंद्रांना तसे कळविले. येथेच सारे मिटावयाचे. परंतु एका संदेशाची नोंद चालू असताना दुसरा येऊन थडकला की शेजारचे केंद्र बंद पडे. तेही सावरून पुढे तशीच वर्दी देई आणि तिसरे कोसळे! बरे झाल्याची वार्ताच रोग पसरवू लागली. सुमारे नऊ तास हा गोंधळ चालला. त्या अवधीत परगावचे सुमारे निम्मे दूरध्वनी जोडलेच गेले नाहीत.

अभियंत्यांनी संदेशांचा ओघ कमी केला, तेव्हा कोठे केंद्रे शांत झाली. मग आज्ञावलीचा शोध सुरू झाला. महिन्यापूर्वीच तीत सुधारणा केली होती. ती 'सी' या भाषेत लिहिलेली होती. त्या भाषेत 'ब्रेक' म्हणजे 'येथून बाहेर पड'. हा शब्द भलत्याच जागी पडल्यामुळे यंत्र आवश्यक सूचना ओलांडून पुढे जाई. दोन संदेश सेकंदाच्या शंभराव्या भागात लागोपाठ आले तरच हा दोष प्रकट होई; म्हणून चाचण्यांतून तो निसटला होता. कंपनीने तूर्त जुनीच आज्ञावली पुन्हा बसविली.